बिनचुलीचा चैत्र

चैत्र महिन्याचे खास पदार्थ एका ताटात मांडून पाहावेत. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरं, हिंग एकत्र वाटून केलेली चटणी. त्याच दिवशी बांधलेल्या दह्याच्या चक्क्याचं श्रीखंड. रामनवमीला दुपारी बारा वाजता जन्माचा पाळणा हलला की हातावर पडणारा सुंठवडा. तृतीयेपासून पुढे महिनाभर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. गौरीचा महिना संपता संपता, अक्षय्य तृतीयेला आमरस. या ताटात आच लागली असेल ती दूध तापवायला, सुंठवड्यासाठी खोबरं परतायला आणि डाळीवर घालायच्या चमचाभर फोडणीला. वर्षातला सर्वांत तापलेला काळ सुरू होतो, तेव्हाच मराठी घराचा सण चुलीपासून लांब सरकतो, हा योगायोग नव्हे. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बाईची ही काळजी आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पंचांगाबरोबर चालत आली आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही काळजी किती मोलाची आहे, हे तिथला उन्हाळा पाहिला की कळतं. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा मुलूख. पाऊस बेताचा, तोही परतीचा भरवशाचा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या आसपास खेळतो. सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा बारामतीचा जिरायती पट्टा. माळेगाव, पणदरे, सणसर ही कालव्याकाठची बागायत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या काठाने ऊस उभा राहिला. इंदापूरच्या उत्तर कडेला १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं भीमेचं पाणी. उन्हाळा चढत जातो तसं ते पाणी ओसरतं आणि पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ डोकं वर काढतं. पाण्याच्या आणि उष्णतेच्या ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ साली बारामतीजवळच्या माळेगावातच स्थापन झाली. पिकांवरचा ताण तिथे मोजला जातो. स्वयंपाकघरातला ताण मोजणारी संस्था अजून निघालेली नाही. पण पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी भाकरी थापणाऱ्या बाईला तो रोज सोसावा लागतो.

म्हणून बिनचुलीच्या जेवणाकडे हौस म्हणून पाहणं पुरेसं नाही.

आधी डाळ. तिला कोणी वाटली डाळ म्हणतं, कोणी कैरीची, कोणी आंब्याची. वाटीभर हरभरा डाळ चार-पाच तास भिजवायची. फुगून ती जवळजवळ दुप्पट होते. पाणी पूर्ण निथळायचं, कारण इथे चुकलं की डाळीचा पिठासारखा लगदा होतो. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये हिरव्या मिरचीबरोबर भरड वाटायची. दाताखाली कण लागला पाहिजे. त्यात कैरीचा कीस, मीठ, चवीपुरती साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, तीही गार करून. कैरी किती घालायची याला माप नाही. पाडव्याच्या सुमारास हाताला लागणारी कैरी लहान आणि तुरट असते, वैशाखाच्या तोंडाशी ती आंबटढाण होते. पहिल्या आठवड्यात वाटीला वाटी लागते, शेवटच्या आठवड्यात अर्धी पुरते. फोडणीतला हिंग चवीसाठी आहे तसाच पोटासाठीही आहे. कच्च्या डाळीत पचनाला अडथळा करणारी काही द्रव्यं असतात आणि त्यांतली बरीच उष्णतेने निकामी होतात. त्यामुळे डाळ वाटीभरच द्यायची, ताटभर नाही, ही जुनी रीत योग्यच आहे. वाटलेली डाळ उन्हाळ्यात फार वेळ बाहेर ठेवू नये. सकाळी भिजवून, दुपारी वाटून, संध्याकाळी संपवणं हाच तिचा दिवसक्रम.

पन्ह्याच्या तीन वाटा आहेत. शहरात कैरी कुकरमध्ये उकडतात, खेड्यात अजूनही कुठे कुठे चुलीतल्या गरम राखेत भाजतात. तिसरी वाट सर्वांत सोपी आणि आता सर्वांत दुर्लक्षित: कच्ची कैरी किसायची, तासभर पाण्यात ठेवायची, हाताने कुस्करून गाळायची, गूळ, मीठ, वेलदोडा घालायचा. रंग फिका येतो, चव मात्र तरतरीत लागते. या भागात गुळाला तोटा नाही. साखर कारखाने उभे राहण्याआधी कालव्याच्या उसाची वाट गुऱ्हाळाकडे जात असे. १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून वालचंदनगर वसलं. पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने आले. तरी चैत्रातल्या पन्ह्याला साखरेपेक्षा गूळच बरा, असं म्हणणारी घरं इथे आहेत आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं; गूळ, मीठ आणि कैरी घातलेला पेला दोन्हीची भरपाई करतो. उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आधी गूळ-पाणी देण्याची रीतही त्याच समजुतीतून आली आहे.

डाळ-पन्ह्याच्या या जोडीचा कुळवृत्तांत मोठा आहे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता भीमेच्या खोऱ्यावर होती. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नाबरोबर पिण्याच्या पाण्याचा आणि पानकांचाही विचार आहे. कर्नाटकात आजही रामनवमीला भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी आणि गुळाचं पानक वाटतात. आपली डाळ-पन्ह्याची जोडी तिची सख्खी बहीण. आपली चैत्रगौर बसते त्याच तृतीयेला राजस्थानात गणगौर असते. आणखी लांब पाहिलं तर चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला थंड अन्नाचा जुना सण आहे. मकरसंक्रमणाच्या आधी येणाऱ्या सर्वांत लहान दिवसापासून एकशे पाचाव्या दिवशी तो येई. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, गारच खायचं. आपल्याकडे शिळासप्तमी येते ती श्रावणात, आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं खाऊन चुलीला विश्रांती देणारी. बारामतीच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या गुजराती कुटुंबांत तिचंच भावंड असलेली शीतळा सातम पाळली जाते. वर्षातून एक दिवस चुलीलाही सुट्टी हवी, हे किती ठिकाणच्या माणसांनी आपापल्या बुद्धीने ठरवलं आहे!

पण हळदीकुंकवाच्या फराळावर घर चालत नाही. दुपारचं जेवण लागतंच, आणि इथेच जिरायती भागाचं शहाणपण कामी येतं. रब्बीची ज्वारी इथलं मुख्य धान्य, त्यातही मालदांडी. तिच्या भाकऱ्या पहाटे, ऊन चढायच्या आत होतात. त्यानंतर चूल थेट संध्याकाळी. मधलं सगळं खाणं गार. बुक्कीने फोडलेला कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी, तेलाची धार आणि तांब्याभर ताक. ऊसतोडीच्या टोळ्या फडात हेच खातात, द्राक्षाच्या छाटणीला आणि डाळिंबाच्या तोडणीला जाणाऱ्या बायकांच्या फडक्यातही हेच असतं. ताकात भाकरी कुस्करून वर कच्चा कांदा आणि जिऱ्याची पूड घातली की पोट भरतं आणि अंग निवतं. स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियाच्या तापलेल्या शेतांत राबणाऱ्या मजुरांनी शिळा पाव, लसूण, तेल आणि शिरका कुटून गास्पाचो नावाचं गार कालवण बनवलं. टोमॅटो त्यात पुढे आला. आज ते जगभरच्या महागड्या हॉटेलांत मिळतं. ताक-भाकरीला तो मान मिळाला नाही, पण दोन्हींमागची गरज एकच आहे: मावळतीपर्यंत राबायचं, तर दुपारी विस्तवापाशी जायचं नाही.

ताटाची डावी बाजू चैत्रात खरी खुलते. काकडी चोचवून, दाण्याचं कूट, लिंबू आणि हिरवी मिरची. कैरी आणि कांद्याचा एकत्र किसलेला तक्कू, त्यात गूळ आणि लाल तिखट; तो दोन तास मुरला की भाकरीबरोबर भाजीची उणीव भासत नाही. हिरव्या द्राक्षांची दह्यातली कोशिंबीर तर या तालुक्यांची हक्काची. इंदापूरच्या बोरी गावाने द्राक्षात नाव कमावलं आहे. हंगाम संपत आला की निर्यातीतून उरलेला, देठापासून सुटलेला माल गावातच स्वस्तात मिळतो. असे मणी दोन भाग करून दह्यात घालायचे, चिमूटभर मीठ, मिरपूड, बस्स. हस्त बहराचं डाळिंब याच सुमारास येतं. त्याचे दाणे दहीपोह्यांवर. उजनीच्या काठाने केळी वाढली आहे आणि केळ्याचं शिकरण हा पोळीबरोबरचा पाच मिनिटांचा गोड पदार्थ आजही मुलांना आवडतो. पातळ पोहे ओल्या नारळाच्या पाण्यात दडपण्याची कोकणी रीत देशावर आली तेव्हा नारळाची जागा काकडीच्या पाण्याने आणि लिंबाने घेतली, खोबऱ्याची जागा दाण्याच्या कुटाने. चव वेगळी, युक्ती तीच: पोहे आगीवर न ठेवता मऊ करायचे.

सातूच्या पिठाला मात्र थोडं थांबून मान द्यायला हवा. गहू आणि डाळं भाजून, सुंठ आणि वेलदोडा घालून एकदा दळून आणलं की डब्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतं. भूक लागली की गूळ पाण्यात किंवा दुधात विरघळवायचा, पीठ कालवायचं. शाळकरी मूल स्वतः करून घेऊ शकेल असं हे जेवण. दूध नसेल तर पाण्यातही बिघडत नाही आणि दिवसभर पोटाला आधार राहतो. पाकिटातल्या न्याहारीच्या लाह्यांनी याची जागा घेतली, हे नुकसानच आहे. दरांची तुलना करायला हिशेबाची वहीही लागत नाही.

आणि माठ. बारामती-इंदापूरची कोरडी हवा शेतकऱ्याच्या जिवावर उठते, पण माठाला ती मानवते. मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ निम्मंही काम करत नाही. वाळ्याची जुडी धुऊन आत सोडली, सावलीत वाऱ्याच्या तोंडाशी तिवईवर ठेवला आणि भोवती ओलं फडकं गुंडाळलं, की पन्ह्याला बर्फ लागत नाही.

माठापासूनच आरास सुरू होते, कारण चैत्रगौरीच्या सजावटीचा पहिला मान गारव्याचा. चैत्र शुद्ध तृतीयेला घरातली पितळी गौर, बहुधा अन्नपूर्णेची मूर्ती, घासून-पुसून लहानशा पितळी पाळण्यात बसते. ती महिनाभर माहेरी आली आहे अशी श्रद्धा. माहेरवाशिणीला काम सांगायचं नसतं, तिला झोक्यावर बसवायचं असतं. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यासमोर पायऱ्यांची मांडणी होते, आणि या पायऱ्या विकत आणायच्या नसतात. तळाला ट्रंका, वर पाट, त्यावर धान्याचे डबे, सगळ्यावर आजीचं नऊवार लुगडं अंथरलं की पायऱ्या तयार. त्यावर घरातली खेळणी, लाकडी बाहुल्या, पितळी तांबे-पेले. कलिंगडाच्या सालीला पाकळ्या कापून कमळ करायचं, काकडीच्या चकत्यांची किनार, कैऱ्यांचे झुबके दोन्ही बाजूंना. फुलं म्हणून मोगरा आणि निशिगंध. काही घरांत तांब्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर अळीव थापतात. चार-पाच दिवसांत हिरवागार लोकरीचा अंगरखा घातल्यासारखा तो तांब्या दिसू लागतो. इराणी नवं वर्ष त्याच मोसमात येतं आणि तिथेही ताटलीत गहू-मसूर उगवून सणाच्या मांडणीत ठेवतात. उन्हाळ्याच्या तोंडावर घरात चार हिरवी पाती पाहावीशी वाटणं कुणा एका देशाचं नाही.

इथल्या शेतातून आरास करायची तर कशाची वाण नाही. केळीचे खुंट, उसाचे वाढे, ज्वारीची कणसं, डाळिंबाच्या फुलांच्या फांद्या. विड्याची पानं इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या पानमळ्यांतली. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. त्यानंतर कापडाचे, पुठ्ठ्याचे, बांबूचे पर्याय बाजारात आले. पण चैत्रगौरीच्या आरासीला थर्माकोलची गरज मुळातच नव्हती. गौरी-गणपतीच्या मखरावर खर्चाची स्पर्धा चालते, तशी चैत्रात सहसा चालत नाही, याचं समाधान वाटतं. आरास संध्याकाळी मांडायची, रात्री आवरायची. कलिंगड दुसऱ्या दिवशी मुलांनी खायचं, लुगडं घडी करून परत पेटीत. उरतो तो फक्त फुलांचा कचरा, आणि तोही कुंडीत जातो.

अंगणात चैत्रांगण. महिनाभर सडा टाकून तुळशीपुढे ही रांगोळी काढायची: वर आंब्याच्या तोरणाखाली झोक्यावर गौर, मग सूर्य-चंद्र, शंख-चक्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, स्वस्तिक, पंखा, फणी, करंडा. आधी ठिपके देऊन मापं ठरवायची आणि मग चिमटीतून रेघ सोडायची. फरशीच्या फ्लॅटमध्ये आता उंबऱ्याशी हातभर जागा उरते. तिथे पाटाएवढं चैत्रांगण पाटावरच काढणाऱ्या बायका आहेत, आणि तेही शोभतं. चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्या हातांनी जपलेला हा चिन्हांचा संग्रह आहे. आजीकडून नातीकडे तो जाण्याची एकच वाट आहे, शेजारी बसून काढण्याची.

बारामतीला या चैत्राची आणखी एक खूण आहे. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले कवी मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थायिक झाले. हे नाईक जोशी घराणं पेशव्यांचं सोयरं; बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई याच घरात दिली होती. मोरोपंतांनी शंभराहून अधिक रामायणं रचली, आणि त्यांचं निधन १७९४च्या चैत्र पौर्णिमेला, म्हणजे रामनवमीनंतर आठवड्याच्या आतच, झालं. कऱ्हेकाठच्या या गावात चैत्राच्या शुद्ध पक्षाला रामकथेचा आणि मोरोपंतांच्या आठवणीचा असा दुहेरी धागा आहे. सुंठवड्याची पुडी हातात घेताना तो आठवावा.

मात्र या सगळ्या सुरेख सणाला एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हळदीकुंकू सवाष्णींचं. ज्या बाईचा नवरा गेला, ती पाळण्यातल्या गौरीची कितीही लाडकी लेक असली, तरी वर्षानुवर्षं तिला या संध्याकाळी बोलावणं गेलं नाही. डाळ वाटायला ती मागच्या दाराने यायची आणि आरास मांडून झाली की दिसेनाशी व्हायची. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठरावाने घराचं दार उघडतंच असं नाही. ते आतून उघडावं लागतं. पन्ह्याच्या पेल्याला कुंकवाची अट नाही. गौर माहेरी आली आहे, तर माहेरी सगळ्या बहिणींना यायला हवं. बोलावणं करताना कुणालाही न वगळणं, ही या सणाला करता येण्याजोगी सर्वांत मोठी सजावट आहे. ज्या घरांत चैत्रगौर बसवण्याची चाल नाही, तिथल्या शेजारणींनाही हक्काने बोलवावं. डाळीची वाटी जातीपुरती मर्यादित राहिली, ती तशीच राहावी असं कुठे लिहिलेलं नाही.

या सणाची आणखी एक सोय अलीकडे नोकरी करणाऱ्या बायकांच्या लक्षात आली आहे. गणपतीसारखी इथे ठरलेली तिथी गाठायची नसते. तृतीया ते तृतीया असा पूर्ण महिना हाताशी असतो. मंगळवार किंवा शुक्रवार धरायचा रिवाज आहे, पण रविवारी केलं तरी गौर रागवत नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी बाई आणि शाळेत शिकवणारी तिची शेजारीण मिळून एकाच घरी आरास मांडतात, डाळ एकीने वाटायची, पन्हं दुसरीने करायचं. चकल्या-करंज्या तळायचा हट्ट सोडला, तर सगळी तयारी दोन तासांत आटोपते. तो हट्ट खरोखर सोडावा. तळणीचा फराळ दिवाळीला शोभतो. एप्रिलच्या संध्याकाळी कढईपुढे उभं राहून आलेल्या पाहुणीला चकली देण्यापेक्षा तिच्याबरोबर बसून कलिंगड खाल्लेलं बरं.

२०२५ला पाडवा ३० मार्चला आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. २०२६मध्ये अधिक महिना चैत्रानंतर, ज्येष्ठात येतो, त्यामुळे त्याआधीचे सण नेहमीप्रमाणे अलीकडेच सरकतात. पाडवा १९ मार्चला, गौर बसण्याची तृतीया २१ मार्चला आणि ती उठण्याची अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गावठी झाडांवर कैरी जेमतेम सुपारीएवढी असते. तेव्हा ज्यांना लवकर हळदीकुंकू करायचं आहे त्यांनी डाळीला लिंबाची जोड द्यावी, पन्ह्याऐवजी द्राक्षांचं सरबत ठेवावं. तेव्हा बोरीचे मळे अजून सुरू असतात. आणि ज्यांना खरी कैरीची डाळच हवी आहे त्यांनी एप्रिलचा दुसरा आठवडा धरावा, हरभरा डाळ आणि सातूचं दळण फेब्रुवारीतच करून ठेवावं, आणि बोलावण्याची यादी करताना पहिलं नाव शेजारच्या घरातल्या त्या बाईचं घालावं, जिला आजवर कुणी बोलावलं नाही.